लष्करी विमानांचा रेडिओ कसा ऐकतात? स्कॅनरच्या छंदाची सविस्तर माहिती

डोक्यावरून फायटर जेट गेलं की आपण मान वर करून बघतो. अमेरिकेत आणि युरोपात काही लोक त्याच वेळी कानाला हेडफोन लावतात आणि आतला पायलट काय बोलतोय ते ऐकतात. या छंदाला तिकडे 'मिलएअर मॉनिटरिंग' म्हणतात. मी सध्या अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून काम करतो. इथे जवळच ओशियाना हा नौदलाचा मोठा हवाई तळ आहे आणि खाडीपलीकडे लँगली हा हवाई दलाचा तळ. त्यामुळे सुपर हॉर्नेट आणि एफ-२२ यांचे आवाज रोजचेच.

हे नेमकं कसं चालतं, कशासाठी काय लागतं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे भारतात हे करायचं की नाही, ते या लेखात बघू. यंत्र मागवायचा विचार असेल तर आधी कायद्याचा भाग वाचा.

स्कॅनर म्हणजे काय?

स्कॅनर हा फक्त ऐकणारा रेडिओ असतो. त्यातून बोलता येत नाही. तो एकामागून एक फ्रिक्वेन्सी तपासत जातो, कुठे आवाज सापडला की थांबतो, आणि बोलणं संपलं की पुढे सरकतो. नेहमीचा एफएम रेडिओ एका स्टेशनवर बसून राहतो, कारण ते स्टेशन दिवसभर चालू असतं. पायलट मात्र दोन-तीन सेकंद बोलतो आणि गप्प होतो.

कोणत्या फ्रिक्वेन्सीवर काय असतं?

* ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ: प्रवासी विमानं आणि कंट्रोल टॉवर. लष्करी विमानंही गरज पडली की इथे येतात.
* १३८ ते १४४ मेगाहर्ट्झ: अमेरिकेत लष्करी विमानांचं आपापसातलं बोलणं.
* २२५ ते ४०० मेगाहर्ट्झ: लष्करी विमानांचा मुख्य पट्टा. नाटो देशांत हाच वापरतात.
* २४३.० मेगाहर्ट्झ: लष्करी आणीबाणीची फ्रिक्वेन्सी. नागरी आणीबाणीची १२१.५ आहे, म्हणजे ही बरोबर दुप्पट.
* ८९९२ आणि ११,१७५ किलोहर्ट्झ: शॉर्टवेव्हवरचं अमेरिकी हवाई दलाचं जगभर पोचणारं जाळं.

आता थोडं गणित करू. २२५ ते ४०० म्हणजे १७५ मेगाहर्ट्झचा पट्टा. दर २५ किलोहर्ट्झला एक चॅनेल धरला तर ७,००० चॅनेल होतात. सेकंदाला ५० चॅनेल तपासणाऱ्या स्कॅनरला एक फेरी मारायला १४० सेकंद लागतील. तेवढ्यात पायलट बोलून मोकळा झालेला असतो. म्हणून अनुभवी मंडळी अख्खा पट्टा पिंजत बसत नाहीत. जवळच्या तळाच्या तीस-चाळीस फ्रिक्वेन्सी शोधून मेमरीत भरून ठेवतात. या छंदातला निम्मा वेळ ही यादी तयार करण्यातच जातो.

पायलट ऐकू येतो, टॉवर का ऐकू येत नाही?

नवीन माणूस हमखास हा प्रश्न विचारतो. या फ्रिक्वेन्सीच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. पृथ्वी गोल असल्यामुळे क्षितिजाखालचं काही ऐकू येत नाही. उंचीचं मीटरमधलं वर्गमूळ काढून त्याला ४.१२ ने गुणलं की रेडिओचं क्षितिज किलोमीटरमध्ये मिळतं. विमान ३०,००० फुटांवर, म्हणजे साधारण ९,१४४ मीटरवर असेल तर उत्तर येतं ३९० किलोमीटरच्या आसपास. जमिनीवरचा अँटेना १५ मीटर उंच असेल तर फक्त १६ किलोमीटर.

म्हणून आपल्याला संभाषणाची एकच बाजू मिळते. पायलट 'रॉजर' म्हणतो, पण कशाला ते कळत नाही. उरलेलं डोक्याने जुळवायचं. मला तरी यातली गंमत तिथेच वाटते.

अँटेनाचं गणितही सोपं आहे. ३०० मेगाहर्ट्झची तरंगलांबी एक मीटर असते, त्यामुळे पाव तरंगलांबीचा अँटेना फक्त २५ सेंटीमीटरचा लागतो. यंत्र महागाचं घेण्याआधी अँटेना उंचावर न्या. फरक लगेच कळतो.

एफएम सोडून एएम का?

एफएमचा आवाज स्वच्छ असतो, तरी विमानं आजही एएम वापरतात. त्याला कारण आहे. एफएममध्ये एकाच फ्रिक्वेन्सीवर दोघं एकदम बोलले तर ताकदवान सिग्नल दुसऱ्याला पूर्ण दाबून टाकतो. दुसरं कुणी बोललं हेच कळत नाही. एएममध्ये दोन्ही सिग्नल मिसळून शिट्टीसारखा आवाज येतो. कंट्रोलरला लगेच कळतं की कुणाचं तरी बोलणं अर्धवट राहिलंय, आणि तो परत विचारतो. दाबला गेलेला आवाज मदत मागणाऱ्या पायलटचा असेल तर हा फरक केवढा मोठा आहे ते सांगायला नको.

फोनवर ऐकता येतं का?

थेट नाही. फोनमध्ये मोबाइल नेटवर्क, वायफाय, ब्लूटूथ आणि जीपीएससाठी रेडिओ असतात. २२५ ते ४०० मेगाहर्ट्झचं एएम पकडायची सोय त्यात नसते. कोणतंही अ‍ॅप ती नव्याने तयार करू शकत नाही. 'पोलीस स्कॅनर' किंवा 'एअर स्कॅनर' नावाची अ‍ॅप्स दुसऱ्या कुणाच्या तरी घरी लावलेल्या स्कॅनरचा आवाज इंटरनेटवरून आपल्यापर्यंत आणतात. अ‍ॅप मायक्रोफोन, लोकेशन आणि कॉन्टॅक्टची परवानगी मागून 'तुमच्या भागातलं पकडतो' म्हणत असेल तर सरळ अनइन्स्टॉल करा.

दुसरा मार्ग आहे एसडीआर, म्हणजे सॉफ्टवेअरने चालणारा रेडिओ. टीव्ही बघण्यासाठी बनवलेल्या स्वस्त यूएसबी डोंगलमधली एक चिप कच्चा रेडिओ डेटा बाहेर देते, हे हौशी लोकांच्या लक्षात आलं. २०१२ पासून हे डोंगल जगभर लोकप्रिय झाले. डोंगल साधारण २५ ते १,७०० मेगाहर्ट्झपर्यंतचं पकडतो. एका वेळी त्यातला दोन-सव्वादोन मेगाहर्ट्झचा तुकडा स्क्रीनवर दिसतो. ओटीजी केबलने तो अँड्रॉइड फोनलाही जोडता येतो. आवाज वेगळा काढायचं काम फोनचा प्रोसेसर करतो. आपण कोडिंग करणारे असू तर ही मोठी पर्वणीच, कारण फिल्टर, मॉड्युलेशन हे कॉलेजात फक्त परीक्षेपुरतं केलेलं सगळं इथे डोळ्यांसमोर हलताना दिसतं.

तयार स्कॅनर हवा असेल तर अमेरिकेत युनिडेनचं बीसी१२५एटी हे मॉडेल बरेच जण घेतात. त्यात ५०० चॅनेल बसतात आणि लष्करी पट्टा २२५ ते ३८० मेगाहर्ट्झपर्यंत मिळतो.

काय ऐकू येतं?

सिनेमासारखं काही नसतं. बहुतेक वेळ उतरणं, चढणं, इंधन आणि हवामान. इथली विमानं सरावाला अटलांटिकवर जातात. तिथलं नियंत्रण करणाऱ्या नौदलाच्या केंद्राचं रेडिओवरचं नाव 'जायंट किलर' आहे. सरावाच्या वेळी ठरलेले शब्द कानावर पडतात:

* बिंगो: परत फिरायलाच हवं, एवढंच इंधन उरलंय.
* जोकर: बिंगोच्या जरा आधीची पातळी.
* टॅली: शत्रूचं विमान डोळ्यांनी दिसलं.
* व्हिज्युअल: आपलं विमान दिसलं.
* फॉक्स टू: उष्णता शोधणारं क्षेपणास्त्र सोडलं. सरावात प्रत्यक्ष काहीच सुटत नाही.
* नॉक इट ऑफ: सराव ताबडतोब थांबवा.

'रीच' आणि पुढे आकडे ऐकू आले तर ते बहुधा अमेरिकी हवाई दलाचं मालवाहू विमान असतं. आणि 'एअर फोर्स वन' हे एखाद्या ठरावीक विमानाचं नाव नाही. राष्ट्राध्यक्ष हवाई दलाच्या ज्या विमानात असतील त्याला त्या वेळी हे नाव मिळतं.

शॉर्टवेव्हवर ८९९२ किंवा ११,१७५ वर कधीकधी एक शांत आवाज अल्फा, ब्राव्हो अशा पद्धतीने अक्षरं आणि अंक वाचून दाखवतो. हे सांकेतिक संदेश असतात. कुणीही ऐकू शकतो, पण अर्थ फक्त ज्यांच्यासाठी आहे त्यांनाच लागतो.

काय ऐकू येत नाही?

खऱ्या मोहिमेतलं महत्त्वाचं बोलणं. ते एन्क्रिप्ट केलेलं असतं. 'हॅव क्विक'सारख्या पद्धतीत रेडिओ ठरलेल्या क्रमाने भराभर फ्रिक्वेन्सी बदलत राहतो. तो क्रम माहीत नसलेल्याला फक्त तुटक आवाज मिळतो. लिंक-१६ सारख्या यंत्रणेत तर बरीच माहिती आवाजाऐवजी डेटा म्हणून जाते. यातलं काही फोडायचा प्रयत्न करणं हा छंद उरत नाही, गुन्हा होतो.

कायदा काय सांगतो?

अमेरिकेत १९८६ च्या इलेक्ट्रॉनिक संदेशांच्या गोपनीयता कायद्यात विमानांचा साधा रेडिओ ऐकायला स्पष्ट सूट आहे. काही राज्यांत गाडीत स्कॅनर ठेवण्यावर मात्र बंधनं आहेत.

ब्रिटनमध्ये एअर शोला स्कॅनर घेऊन आलेले लोक सर्रास दिसतात, पण तिथला २००६ चा वायरलेस टेलिग्राफी कायदा आपल्यासाठी नसलेला संदेश मुद्दाम ऐकायला मनाई करतो. सगळे करतात म्हणून ते कायदेशीर ठरत नाही.

भारतात चित्र पूर्ण वेगळं आहे. नाशिकच्या माझ्या मावसभावाने मला विचारलं होतं, "दादा, ओझरला सुखोई उडतात, डोंगल मागवू का?" त्याला दिलेलं उत्तर इथेही देतो: नको. दूरसंचार कायदा २०२३ नुसार रेडिओ उपकरण बाळगायला परवानगी किंवा सूट लागते. बेकायदा संदेश पकडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हवाई दलाचा संबंध आला की १९२३ चा अधिकृत गुपितांचा कायदाही समोर उभा राहतो. 'ऑनलाइन मिळतंय म्हणजे चालतं' असं समजू नका. मे २०२५ मध्ये वॉकीटॉकीच्या विक्रीवरून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ई-कॉमर्स कंपन्यांना नोटिसा पाठवल्या होत्या.

ऐकलेलं सगळं पोस्ट करायचं का?

मार्च २०११ मध्ये लिबियावर कारवाई सुरू होती. तेव्हा एक अमेरिकी विमान लिबियाच्या जहाजांना बंदर सोडू नका म्हणून बजावत होतं. युरोपातल्या हौशी श्रोत्यांनी ते रेकॉर्ड करून इंटरनेटवर टाकलं. तो संदेश सगळ्यांनी ऐकावा म्हणूनच होता, त्यामुळे त्यात फारसं बिघडलं नाही. पण त्याच आठवड्यांत इंधनाचं विमान कुठे आहे, कोण कुठे निघालंय, हेही लोक लगेच लिहीत होते. त्या विमानात माणसं बसलेली असतात. एकेक तुकडा निरुपद्रवी वाटतो, दहा जणांचे तुकडे जोडले की नकाशा तयार होतो. एप्रिल २०२५ मध्ये भारत सरकारने वाहिन्यांना लष्करी हालचालींचं थेट प्रक्षेपण करू नका असं बजावलं, त्यामागेही हेच कारण होतं. मी स्वतः सरावाबाहेरचं काही ऐकलं तर कुठेच लिहीत नाही. ते वहीतच राहतं.

भारतात राहून काय करता येईल?

* हॅम रेडिओचा परवाना काढा. वयाच्या बाराव्या वर्षापासून परीक्षा देता येते. परवाना मिळाला की ऐकता येतं आणि बोलताही येतं.
* नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर ब्राउझरमध्ये उघडा. २००८ मध्ये पहिल्यांदा सुरू झालेला हा रिसीव्हर २९ मेगाहर्ट्झपर्यंतचं ऐकवतो. हॅम मंडळींच्या गप्पा आणि शॉर्टवेव्ह स्टेशनं लावून ट्यूनिंगचा हात बसवा.
* सिग्नल प्रोसेसिंग शिकायचं असेल तर दुसऱ्यांनी खुल्या ठेवलेल्या रेकॉर्ड फाइल वापरा. पायथॉनमध्ये एएम डिमॉड्युलेटर पाच-सात ओळींत होतो.

नेहमीचे प्रश्न

*ऐकणाऱ्याचा पत्ता लागतो का?* फक्त ऐकणारा शोधणं अवघड असतं. पण पकडलं जाणार नाही आणि परवानगी आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

*परदेशात शिकायला गेल्यावर घेऊ का?* त्या देशाचा आणि राज्याचा नियम आधी वाचा. सुट्टीत भारतात येताना यंत्र तिकडेच ठेवून या.

*आणीबाणीचा कॉल ऐकू आला तर?* शांतपणे ऐका. हातात हॅमचा सेट असला तरी त्या फ्रिक्वेन्सीवर बटण दाबू नका. मदत करणारे लोक तिथे आधीच कान लावून बसलेले असतात.