वृद्धांतील औषधयोजना
साठीनंतरच्या रुग्णांसाठी औषधाची निवड, मात्रा व मुदत ठरवण्याची पद्धत. वयोमानाने मूत्रपिंडांची गाळणक्षमता घटते. शरीरातील पाणी कमी होऊन चरबीचे प्रमाण वाढते. त्यामुळे मेदात विरघळणारे डायझेपाम हे शामक औषध शरीरात जास्त काळ टिकते. गुंगी येते, तोल जातो, पडून खुब्याचे हाड मोडू शकते. मधुमेहावरील ग्लिबेनक्लामाइड या औषधाने रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. वृद्धांनी शक्यतो टाळावयाच्या औषधांची यादी अमेरिकी वैद्य मार्क बियर्स व सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये मांडली. तिची सुधारित आवृत्ती २०२३ मध्ये निघाली.

इंदूरचे महाराजा यशवंतराव रुग्णालय (‘एमवाय’) यासारख्या अनेक विभागांच्या रुग्णालयात जाताना सर्व चिठ्ठ्या व आयुर्वेदिक गोळ्यांसह चालू औषधे एकाच पिशवीतून न्यावीत. त्यामुळे दोन व्यापारी नावांनी चाललेले एकच औषध लक्षात येते. मात्र कोणतेही औषध परस्पर बंद करू नये.