मेनशीट ट्रॅव्हलरचे नूतनीकरण

मेनशीट ट्रॅव्हलरचे नूतनीकरण म्हणजे जुन्या शिडाच्या नौकेवरील मुख्य शिडाचा दोर आडव्या दिशेने सरकवणारी झिजलेली यंत्रणा काढून तिच्या जागी कमी घर्षणाची, शिडावर वाऱ्याचा भार असतानाही हलवता येणारी यंत्रणा बसवणे होय. १९६० ते १९८० या दशकांत फायबरग्लासमध्ये बांधलेल्या अनेक लहान नौका आजही वापरात आहेत. त्यांची बांधणी टिकून राहिली असली, तरी त्यांवरील मूळ ट्रॅव्हलर जोराच्या वाऱ्यात, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच, जागचा हलत नाही. या नूतनीकरणाचे यश नव्या सुट्या भागांच्या दर्जाइतकेच त्यांखालील डेकच्या मजबुतीवर अवलंबून असते.

संज्ञा

मुख्य शिडाची खालची कड ज्या आडव्या काठीला बांधलेली असते तिला बूम म्हणतात. बूमचे एक टोक डोलकाठीला जोडलेले असते आणि दुसरे मोकळे असते. बूम आत ओढण्यासाठी किंवा बाहेर सोडण्यासाठी जो दोर वापरतात तो मेनशीट होय. ‘शीट’ या शब्दावरून शिडाच्या कापडाचा बोध होण्याचा संभव असतो. परंतु नौकानयनाच्या परिभाषेत शीट म्हणजे दोर. मेनशीटचे खालचे टोक ज्या गाड्याला जोडलेले असते, तो गाडा, तो ज्यावरून सरकतो तो आडवा रूळ, गाड्याला दोन्ही बाजूंना ओढणारे दोर आणि त्यांच्या कप्प्या या सर्वांस मिळून ट्रॅव्हलर म्हणतात.

कोकण किनाऱ्यावरील मचवा, पडाव यांसारख्या पारंपरिक नौकांचे शीड तिरक्या परभाणाला, म्हणजे वरच्या काठीला, बांधलेले असते आणि त्याच्या खालच्या कडेला काठी नसते. त्यामुळे या नौकांवर ट्रॅव्हलरची गरज भासली नाही. मराठीतही हे सर्व शब्द इंग्रजीतूनच जसेच्या तसे वापरले जातात.

कार्य

मेनशीट एकाच ठिकाणी बांधलेली असेल, तर ती ओढल्यावर दोन गोष्टी एकाच वेळी घडतात: बूम नौकेच्या मध्यरेषेकडे येते आणि खालीही खेचली जाते. बूम खाली खेचली गेली की शिडाची मागची कड ताणली जाते व शीड सपाट होते. ट्रॅव्हलरमुळे या दोन क्रिया वेगळ्या करता येतात. मेनशीटने शिडाचा ताण ठरवता येतो आणि गाडा सरकवून शिडाचा वाऱ्याशी होणारा कोन बदलता येतो.

मंद वाऱ्यात गाडा वाऱ्याकडील बाजूस ओढून मेनशीट थोडी सैल सोडतात. त्यामुळे बूम मध्यरेषेवर राहते, पण शिडाचा वरचा भाग किंचित पिळलेला राहतो. जोराच्या वाऱ्यात याच्या उलट करतात. मेनशीट घट्ट ठेवून गाडा वाऱ्याच्या विरुद्ध बाजूस सोडला की शीड सपाटच राहते, परंतु त्यावरील आडवा दाब कमी होतो. नौकेचा कल उतरतो व सुकाणूवरील ओढ हलकी होते. वाऱ्याचा झोत ओसरल्यावर गाडा पुन्हा वर ओढला जातो. वारा अस्थिर असेल, तर ही क्रिया काही मिनिटांत अनेकदा करावी लागते.

इतिहास

जुन्या लाकडी जहाजांवर डेकवर आडवी लोखंडी सळई बसवून तीवरून मेनशीटची कडी सरकू देत. अशा सळईस इंग्रजीत ‘घोडा’ या अर्थाचे नाव होते. लहान होड्यांवर सळईऐवजी दोराचा त्रिकोण वापरला जाई. लेझर या एका खलाशाच्या लोकप्रिय स्पर्धा-नौकेवर आजही दोराचाच ट्रॅव्हलर असतो.

कार्ल आल्बर्ग यांनी आरेखन केलेली पिअर्सन ट्रायटन ही नौका १९५९ मध्ये न्यू यॉर्कच्या प्रदर्शनात मांडण्यात आली. मोठ्या संख्येने तयार झालेल्या आरंभीच्या फायबरग्लास नौकांत तिची गणना होते. त्या पिढीच्या नौकांचे बूम लांब असे व मेनशीट बूमच्या मागच्या टोकाला जोडलेली असे. १९७० च्या दशकात आंतरराष्ट्रीय स्पर्धा-नियमांच्या प्रभावाने उंच व अरुंद मुख्य शिडे प्रचलित झाली, बूम आखूड झाले आणि अनेक नौकांवर मेनशीट बूमच्या मधल्या भागाशी जोडली जाऊ लागली. ट्रॅव्हलर कधी केबिनच्या छतावर, तर कधी खलाशांच्या बैठकीच्या जागेत आला. १९७७ च्या जे/२४ या नौकेवर तो बैठकीच्या जागेतूनच आडवा जातो.

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील पीटर व ओलाफ हार्कन या बंधूंनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात प्लॅस्टिकच्या गोळ्यांचे बेअरिंग असलेल्या कप्प्या बनवण्यास आरंभ केला. हेच तत्त्व पुढे ट्रॅव्हलरच्या गाड्यांनाही लागू करण्यात आले. आज अमेरिका, ब्रिटन, इटली व ऑस्ट्रेलिया येथील अनेक उत्पादक असे गाडे तयार करतात.

जुन्या यंत्रणेतील उणिवा

जुन्या ट्रॅव्हलरचा गाडा बहुधा धातूवर धातू घासतच सरकतो, किंवा त्याला लहान चाके असतात. मीठ, बारीक वाळू व ऊन यांमुळे ही चाके झिजतात किंवा तडकतात. काही नौकांवर गाड्याला दोरच नसतात. रुळावरील छिद्रांत बसणाऱ्या स्प्रिंगच्या खुंट्यांनी तो अडवलेला असतो. खुंटी सोडायची असेल, तर आधी मेनशीट सैल करून शिडावरील भार उतरवावा लागतो. अडचण अशी, की गाडा हलवण्याची गरज भार असतानाच असते. परिणामी खलाशी ट्रॅव्हलर वापरणेच सोडून देतो, गाडा वर्षानुवर्षे मध्यावर पडून राहतो आणि झोत येताच संपूर्ण मेनशीट सोडून देणे एवढाच उपाय हाती उरतो.

भाराचे गणित

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १० नॉटचा वारा २० नॉट झाला, तर दाब दुप्पट नव्हे, चौपट होतो. नौकेवरील यंत्रणा नेहमीच्या नव्हे, तर अपेक्षित कमाल वाऱ्याच्या हिशेबाने निवडण्याचे कारण हेच.

दुसरे तत्त्व तरफेचे आहे. बूम ४ मीटर लांब असून मेनशीट तिच्या टोकाला असताना दोरांवर एकूण १०० किलो भार येत असेल, तर तीच मेनशीट डोलकाठीपासून २ मीटरवर जोडल्यास भार २०० किलो होतो. म्हणून ट्रॅव्हलर मागून काढून केबिनच्या छतावर आणताना जुन्याच मापाचे भाग वापरणे धोक्याचे ठरते. अशा बदलात बूमलाही मध्येच वाकवणारा जोर सोसावा लागतो. त्यासाठी मूळ बूम पुरेशी भक्कम आहे की नाही, हे आधी पाहावे लागते.

भागांची निवड

रूळ निवडताना नौकेची लांबी, मुख्य शिडाचे क्षेत्रफळ आणि मेनशीटची जागा विचारात घेतात. साधारणतः ८ मीटरपर्यंतच्या नौकांवर सुमारे २२ मिमी रुंदीचा, तर ९ ते १० मीटरच्या नौकांवर सुमारे २७ मिमी रुंदीचा रूळ वापरला जातो. रूळ संपूर्ण लांबीत डेकवर टेकत असेल, तर साधा रूळ पुरतो. तो केवळ दोन आधारांवर पुलासारखा राहणार असेल, तर जास्त उंचीचा, न वाकणारा रूळ लागतो.

गाडा ओढणाऱ्या दोरांसाठी कप्प्यांची रचना बहुधा ३:१ किंवा ४:१ असते. गाड्यावरील आडवी ओढ ६० किलो असेल, तर ३:१ रचनेत घर्षण वगळता २० किलो जोर पुरतो. गुणोत्तर वाढवले की जोर कमी लागतो, पण तेवढाच जास्त दोर ओढावा लागतो.

छिद्रांमधील अंतर ही बाब सहज नजरेआड होते. जुन्या अमेरिकी नौकांवरील छिद्रे इंचांच्या मापाने पाडलेली असतात, तर आजच्या अनेक रुळांवर ती १०० मिमी अंतरावर असतात. ४ इंच म्हणजे १०१.६ मिमी. एका अंतरात हा फरक क्षुल्लक वाटतो, पण दहाव्या छिद्रापर्यंत तो दीड सेंटिमीटरच्या जवळ जातो. अशा वेळी जुनी छिद्रे बुजवून नवी पाडणे किंवा छिद्रे न पाडलेला रूळ मागवून त्यावर जुन्या मापाने छिद्रे पाडणे, हे दोन पर्याय उरतात.

बसवण्याची पद्धत

जुना रूळ काढल्यावर प्रथम डेकची तपासणी करतात. अनेक फायबरग्लास नौकांचे डेक एकजिनसी नसते. दोन पातळ थरांच्या मध्ये बाल्सा नावाचे हलके लाकूड असते. बोल्टच्या छिद्रांतून पाणी आत झिरपले की हे लाकूड कुजते. वरून डेक धड दिसते, परंतु हातोडीने हलके ठोकल्यास बद्द आवाज येतो. कुजलेल्या भागावर उत्तमोत्तम रूळ बसवला, तरी भार आल्यावर बोल्ट डेकसह उखडण्याची भीती असते. म्हणून कुजलेले लाकूड काढून तो भाग आधी नव्याने भरून घेतात.

नवीन छिद्रांसाठी पुढील क्रम रूढ आहे:

१. बोल्ट ६ मिमीचा असेल, तर वरचा थर व लाकूड यांतून सुमारे १२ मिमीचे छिद्र पाडतात. खालचा थर अखंड ठेवतात.
२. त्या छिद्रात घट्ट केलेले इपॉक्सी भरतात.
३. इपॉक्सी कडक झाल्यावर त्याच्या मध्यातून ६ मिमीचे छिद्र आरपार पाडतात. त्यामुळे पाणी शिरले, तरी लाकडापर्यंत पोहोचत नाही.
४. डेकखाली धातूची किंवा फायबरग्लासची जाड पट्टी लावतात, म्हणजे भार मोठ्या क्षेत्रावर विभागला जातो.
५. रुळाखाली जलरोधक लेप लावून बोल्ट बसवतात. वरचे डोके स्थिर धरून खालची चाकी फिरवतात, म्हणजे छिद्राभोवतीचा लेप फाटत नाही.

ॲल्युमिनियमचा रूळ व स्टेनलेस स्टीलचे बोल्ट खाऱ्या पाण्यात एकत्र आले की विद्युत-रासायनिक क्रियेने ॲल्युमिनियम गंजते. म्हणून दोहोंच्या मध्ये विलगक लेप लावतात. गोळ्यांचे बेअरिंग असलेला गाडा रुळावर चढवताना त्याच्यासोबत आलेला तात्पुरता रूळ खऱ्या रुळाच्या टोकाशी जुळवून गाडा पुढे सरकवावा लागतो. गाडा नुसता हातात धरल्यास काही प्रकारांत गोळ्या निसटून पडतात. शेवटी रुळाच्या दोन्ही टोकांना भक्कम अडसर लावतात.

सुरक्षितता

वारा मागून असताना बूम अकस्मात एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस फिरते, तेव्हा खलाशांच्या डोक्याला प्राणघातक इजा होऊ शकते. त्याच क्षणी गाडाही रुळावरून धडाक्याने पलीकडे जातो. जुना अडकलेला गाडा निदान जागीच राहत असे. नवा गाडा मात्र मोकळा सोडलेला असेल, तर क्षणात टोकाला पोहोचतो व वाटेतील बोटे चिरडतो. त्यामुळे बूम जाणीवपूर्वक फिरवण्यापूर्वी गाडा मध्यावर आणून दोन्ही दोर घट्ट अडकवतात. रूळ बैठकीच्या जागेतून जात असेल, तर हा नियम नवख्या सहप्रवाशांनाही आधी सांगितला जातो.

देखभाल

गाडा व कप्प्या प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने धुतात. वंगणासाठी ग्रीस वापरत नाहीत, कारण त्याला वाळू चिकटते. वर्षातून एकदा चाक्या घट्ट आहेत का आणि डेकखालच्या बाजूस ओल दिसते का, हे पाहतात.

पर्याय व मर्यादा

प्रत्येक जुन्या नौकेला नवा ट्रॅव्हलर आवश्यक असतोच असे नाही. रूळ सरळ असून गाडाच झिजला असेल, तर त्याच मापाचा नवा गाडा मिळवणे किंवा आहे त्याला कप्प्या व दोर जोडणे स्वस्त पडते. निवांत पर्यटनासाठीच्या अनेक आधुनिक नौकांवर ट्रॅव्हलर नसतोच; तेथे बूमला खाली खेचणारी व्हँग ही स्वतंत्र यंत्रणा काही अंशी तेच काम करते. मात्र वाऱ्याच्या दिशेने जवळून जाताना कल व सुकाणूवरील ओढ आटोक्यात ठेवायची असेल, तर सहज सरकणाऱ्या ट्रॅव्हलरइतका तत्पर उपाय दुसरा नाही.

हेही पाहा

शीड
डोलकाठी
कप्पी
तरफ
नौकानयन