किल्ली मिळवायची कशी?

विद्यार्थ्यांच्या संगणक मंडळात नव्या सभासदाने सुरुवात कोठून करावी? अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी अर्थात ‘एमआयटी’तील एका मंडळाने या प्रश्नाला फार पूर्वीच उत्तर देऊन ठेवले आहे. १९४६ मध्ये स्थापन झालेले ‘टेक मॉडेल रेलरोड क्लब’ हे मंडळ मुळात संगणकाचे नव्हते, तर छोट्या प्रतिकृती-रेल्वेचे होते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये घाईने उभारलेल्या ‘इमारत क्र. २०’मध्ये मंडळाची खोली होती. तेथील भल्यामोठ्या मांडणीवर काही सभासद डबे रंगवीत, देखावे उभारीत. काहींचे लक्ष मात्र मांडणीच्या खाली असे. तारा, रिले आणि टेलिफोन यंत्रणेतील स्विच जोडून गाड्यांचे नियंत्रण करणारी ही मंडळी ‘सिग्नल्स अँड पॉवर’ उपसमितीची. स्टीव्हन लेव्ही यांनी ‘हॅकर्स’ (१९८४) या पुस्तकात नोंदविल्यानुसार, नवागताने मांडणीवर चाळीस तास काम केले की त्याला खोलीची किल्ली मिळे. शिफारसपत्राची गरज नसे. काम हीच ओळख.

किल्लीपाठोपाठ भाषा शिकावी लागे. पीटर सॅमसन या सभासदाने १९५९ मध्ये मंडळातील खास शब्दांचा कोशच तयार केला. ‘हॅक’ हा शब्द तेथे चोरीच्या अर्थाने नव्हे, तर निव्वळ आनंदासाठी कल्पकतेने केलेल्या कामासाठी वापरला जाई.

खरा अडसर होता तो संगणकापर्यंत पोहोचण्याचा. आयबीएम ७०४ या अवाढव्य यंत्राला विद्यार्थ्यांनी हात लावायचा नसे. छिद्रे पाडलेली कार्डे कर्मचाऱ्यांकडे सोपवायची आणि उत्तराची वाट पाहायची, एवढेच त्यांच्या हाती होते. १९५८ मध्ये ‘टीएक्स-०’ हा ट्रान्झिस्टरवर चालणारा संगणक संस्थेत आला आणि चित्र पालटले. मंडळाचे माजी सभासद जॅक डेनिस यांनी मुलांना त्याची ओळख करून दिली. येथे स्वतः यंत्रासमोर बसता येई. दिवसा वेळ मिळाला नाही, तर ठरलेल्या वेळी कोणी न आल्यास आपला नंबर लागेल, या आशेने मुले रात्र जागवीत. तयार झालेल्या प्रोग्रॅमच्या कागदी फिती यंत्राजवळच्या खणात ठेवल्या जात. कोणीही त्या घ्याव्यात, वाचाव्यात, सुधाराव्यात!

१९६१ मध्ये ‘पीडीपी-१’ हे नवे यंत्र आले. स्टीव्ह रसेल यांनी सहकाऱ्यांसह त्यावर रचलेला ‘स्पेसवॉर’ हा खेळ १९६२ मध्ये आकाराला आला. सॅमसन यांनी त्यात खरे तारांगण घातले; ॲलन कोटॉक आणि बॉब सॉंडर्स यांनी मंडळातील सुट्या भागांतून खेळाचे नियंत्रक बनविले. गाड्यांसाठी साठविलेले सामान असे संगणकाच्या कामी आले.

‘इमारत क्र. २०’ १९९८ मध्ये पाडण्यात आली. तिच्यातील रीत मात्र आजच्या नवागतालाही उपयोगी पडावी. पहिल्याच दिवशी मोठा प्रकल्प हाती घेण्याऐवजी एखादे रखडलेले छोटे काम मागून घ्यावे. स्वतः लिहिण्यापूर्वी इतरांचे प्रोग्रॅम वाचावेत. अडले तर आधी प्रयत्न करून मग विचारावे. आणि जे जमले ते नीट नोंदवून पुढच्यासाठी खणात ठेवावे. संगणक आता खिशात आला आहे. बरोबरीने काम करणारी माणसे मात्र अजूनही मंडळातच भेटतात.