आपलेच रक्त, आपलाच डोळा

विदर्भातल्या पानठेल्यावर खर्रा घोटतात तो सुपारी, तंबाखू आणि चुना घालून. याच चुन्याची पुडी घरात एखाद्या पोराच्या हाती लागते, दाबताच फुटते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. आम्लाने डोळ्याच्या पृष्ठभागावरची प्रथिने गोठतात आणि इजा बऱ्याचदा तिथेच अडते. चुन्यासारखा अल्कली मात्र पेशींच्या आवरणातली चरबी विरघळवत खोल जातो. म्हणून पहिला उपचार पाण्याचाच: निदान अर्धा तास डोळा धुवायचा आणि डॉक्टरांनी वरची पापणी उलटवून अडकलेले कण काढायचे. तरीही कॉर्नियाच्या कडेच्या मूळपेशी जळाल्या असतील तर जखम आठवडेच्या आठवडे भरत नाही. अशा हट्टी जखमांसाठी रुग्णाच्याच रक्तापासून थेंब करतात. त्या थेंबांचे कूळ मोठे गमतीचे आहे.

मूळपुरुष शोधायचा तर अमेरिकेत सेंट लुईसला जावे लागते. १९५०च्या दशकात तिथे रीटा लेवी-मोंतालचिनी आणि स्टॅन्ली कोहेन मज्जातंतू वाढवणाऱ्या घटकाचा माग काढत होते. उंदराच्या लाळग्रंथीचा अर्क नवजात पिल्लांना टोचला, तर भलतेच घडले. दोन आठवड्यांनी उघडायचे ते डोळे आठवडाभरातच उघडले, दातही लवकर आले. कोहेन यांनी त्यामागचे प्रथिन वेगळे करून १९६२ साली जाहीर केले. पुढे त्याला ‘एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर’ म्हणू लागले. १९८६चे नोबेल या दोघांना मिळाले. जखम भरवणाऱ्या घटकाची पहिली खूण अशी पापणीवरच दिसली होती.

दुसरी शाखा रक्तातली. बिझोझेरो या इटालियन शास्त्रज्ञाने १८८२मध्ये बिंबिकांचे, म्हणजे प्लेटलेट्सचे, रक्त गोठवण्यातले काम दाखवले. त्यानंतर जवळजवळ शतकभर त्यांची ओळख रक्त थांबवणाऱ्या एवढीच राहिली. १९७४ साली रसेल रॉस आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत पेशी वाढवताना पाहिले, की गोठलेल्या रक्तातून निघालेल्या सीरमवर त्या जोमाने वाढतात, बिंबिका काढून टाकलेल्या प्लाझ्मातून केलेल्या सीरमवर वाढत नाहीत. फरक बिंबिकांचा होता. गुठळी होताना त्या आपल्या पोटातले वाढीचे घटक बाहेर सोडतात.

डोळ्यापर्यंत रक्त पोचले ते १९७५मध्ये. राल्फ, डोन आणि डोलमन यांनी रसायनाने भाजलेल्या डोळ्यांवर पंपाने द्रव सोडत ठेवण्याची युक्ती केली, त्यात सीरमही वापरले. १९८४मध्ये फॉक्स आणि सहकाऱ्यांनी अश्रू आटलेल्या रुग्णांना सीरमचे थेंब दिले. १९९९मध्ये जपानच्या त्सुबोता यांनी २० टक्क्यांचे सीरम न भरणाऱ्या जखमांवर वापरले आणि ही पद्धत जगभर गेली. निरोगी कॉर्नियात रक्तवाहिनी नसते. त्याचे पोषण अश्रू आणि आतल्या द्रवातून होते. अश्रूंतले जीवनसत्त्व अ, फायब्रोनेक्टिन आणि वाढीचे घटक सीरममध्येही असतात.

करण्याची रीत साधी आहे. रुग्णाचे रक्त नळीत घेऊन गोठू देतात, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात. वर तरंगलेला पिवळसर द्रव निर्जंतुकपणे काढून सलाईनमध्ये पातळ करतात. बाटलीवर रुग्णाचे नाव आणि तारीख हवीच. हे थेंब दुसऱ्या कुणाच्या डोळ्यात घालायचे नाहीत. प्रकाशाने जीवनसत्त्व अ नासते, म्हणून बाटली झाकून फ्रीजमध्ये ठेवायची. प्लेटलेट-रिच प्लाझ्मा हवा असेल तर रक्त गोठू न देता बिंबिका जमा करतात. ही रीत १९९०च्या दशकात जबड्याच्या शस्त्रक्रियेत रुळली आणि २००७मध्ये स्पेनच्या आलियो यांनी ती कॉर्नियाच्या जखमांवर वापरल्याचे मांडले.

आपल्याकडे दिल्लीच्या एम्सने यात ठोस भर घातली. रसिक वाजपेयी आणि सहकाऱ्यांनी २००३मध्ये नाळेच्या रक्ताचे सीरम रुग्णाच्या स्वतःच्या सीरमशी ताडून पाहिले. नाळेच्या सीरमने जखमा लवकर भरल्या. २०१२मध्ये अनिता पांडा यांच्या गटाने रसायनाने भाजलेल्या डोळ्यांवर प्लेटलेट-रिच प्लाझ्माचे थेंब वापरले. डोळा दुखला की त्यात बाळंतिणीचे दूध घालायची जुनी चाल याच कुळाची दूरची नातलग म्हणता येईल. कोहेन यांचा तो घटक आईच्या दुधातही सापडतो. पण दूध निर्जंतुक नसते, आणि जखमी डोळ्याला जंतुसंसर्गासारखा शत्रू नाही. त्यामुळे ती चाल बंदच बरी.

आज या कुळाच्या दोन वाटा झाल्या आहेत. लेवी-मोंतालचिनींचा मज्जातंतू-घटक आता कारखान्यात तयार होतो. सेनेगर्मिन नावाच्या त्या थेंबांना २०१८मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. एका उपचाराचा खर्च तिथे कित्येक लाख रुपयांच्या घरात जातो. दुसऱ्या वाटेला, म्हणजे रुग्णाच्याच रक्ताच्या थेंबांना, लागते ती रक्तपेढी, सेंट्रिफ्यूज आणि डोळ्यांचा विभाग एका छपराखाली. विदर्भातल्याच सावंगी (मेघे) इथे १९९०मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाशी आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय जोडलेले आहे. अशा शिकवणाऱ्या ग्रामीण रुग्णालयांना ही दुसरी वाटच परवडणारी. तिथे खरी अडचण येते ती थेंब घरी नेल्यावर. फ्रीज नसलेल्या घरी बाटली टिकत नाही, आणि दूषित थेंब जखमेचे नुकसानच करतो. ज्या रुग्णालयाला छोट्या बाटल्या, वरचेवर बोलावणे आणि गरज पडल्यास वॉर्डातच मुक्काम एवढी सोय करता येते, तिथेच हे थेंब कामाचे.