मुंबईची एकोणचाळीस मिनिटे

माझी भाची न्यू जर्सीत राहते. रविवारी सायंकाळी साडेसातला तिचा फोन यावयाचा, हा आमच्या घरचा नेम. दिवाळीच्या सुमारास मात्र तो एकाएकी साडेआठला येऊ लागतो आणि आम्ही नेमके पानावर बसलेले असतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडे सगळ्यांनी घड्याळे तासभर मागे घ्यावयाची व मार्चमध्ये पुन्हा पुढे सारावयाची, असा कायदाच आहे. "मामा, घड्याळ मागे केलं, पण बाळाच्या पोटाला कोण सांगणार?" असे ती वैतागून विचारते.

आपल्याला हा जाच नाही, म्हणून आपण हसतो. पण महायुद्धात तो आपल्याही वाट्याला आला होता आणि मुंबईकरांना तर दुपटीने! कारण मुंबईचे घड्याळाशी भांडण त्याआधीच जुंपलेले होते.

मुंबईच्या डोक्यावर सूर्य येतो तो प्रमाणवेळेच्या बारानंतर सुमारे एकोणचाळीस मिनिटांनी. म्हणून शहराची स्वतःची वेळ तेवढी मागे. १८८१ मध्ये सरकारने येथे मद्रासची वेळ लादून पाहिली. ती दोन वर्षांतच गुंडाळावी लागली. पुढे १ जानेवारी १९०६ पासून प्रमाणवेळ आली. कर्झनने केलेली बंगालची फाळणी ताजी होती, त्यात हे! गिरणी कामगाराला राजकारणापेक्षा झोपेची काळजी. विजेच्या दिव्यांनी त्याचा दिवस आधीच लांबवला होता. आता सहाचा भोंगा जुन्या पाच एकवीसलाच होणार. त्याच महिन्यात कामगारांनी काम बंद ठेवले, दगडही फेकले. अर्जांवर पंधरा हजारांहून अधिक सह्या झाल्या आणि नगरपालिकेने आपली घड्याळे मुंबई वेळेवरच ठेवली. परिणाम असा की, आगगाडीच्या स्टेशनातून दहाला निघालेला माणूस रमतगमत क्रॉफर्ड मार्केटपाशी पोहोचे तो साडेनऊला!

माझे आजोबा गिरगावात राहत आणि एका छापखान्यात खिळे जुळवीत. लग्नपत्रिकेत मुहूर्तापुढे 'स्टँ. टा.' ही अक्षरे विसरली, तर वऱ्हाडाची फजिती ठरलेली, असे ते सांगत. घरी मात्र आजीचे भिंतीवरचे घड्याळ मुंबई वेळेवर. एकोणचाळीस मिनिटांचा हिशेब तिला तोंडपाठ होता.

१ सप्टेंबर १९४२ रोजी सरकारने सबंध देशाची घड्याळे आणखी एक तास पुढे केली. जर्मनीने व इंग्लंडने १९१६ मध्येच काढलेली ही युक्ती. उजेड वापरावा, इंधन वाचवावे, हा हेतू. पहिल्याच सकाळी आजीने सवयीने एकोणचाळीस मिनिटे धरली, वरचा तास विसरली. आजोबा छापखान्यात पोहोचले तेव्हा नऊ वाजून गेले होते. अर्ध्या दिवसाचा पगार कापला गेला. डिसेंबरात तर आठला काम सुरू होई तेव्हा सूर्य उगवलेला नसे. बारीक खिळे दिव्याखाली जुळवावे लागत. उजेड वाचवण्याची ही तऱ्हा! एक तास एकोणचाळीस मिनिटांचे ते गणित मी वर्गात मुलांना घालतो. निम्मी मुले चुकतात, आणि मला आजीची आठवण येते.

ऑक्टोबर १९४५ मध्ये तो तास परत मिळाला. नगरपालिकेनेही १९५०च्या दशकात आपला हट्ट सोडला. आजीने मात्र घड्याळाला हात लावला नाही. माझ्या वडिलांना शाळेत दोनदा उशिराबद्दल छड्या बसल्या, तेव्हा कुठे तिने स्टुलावर चढून काटे पुढे सारले.