रूटाइल-विलेपित विद्युत् अग्रे

कार्बनी पोलादाच्या प्रज्योत वितळजोडकामात (वेल्डिंगमध्ये) वापरण्यात येणारी आणि लेपात रूटाइल हे टिटॅनियम डाय-ऑक्साइडाचे खनिज प्रमुख घटक म्हणून असलेली विद्युत् अग्रे. कारखान्यांत यांना सामान्यतः ‘रॉड’ म्हणतात. गाभ्यातील नीच-कार्बन पोलादाची तार वितळून जोडात धातूची भर पडते. तथापि जोडाची गुणवत्ता मोठ्या प्रमाणात तारेवरील लेपावर अवलंबून असते. त्यामुळे या अग्रांचा इतिहास हा मुख्यत्वे लेपाच्या विकासाचा इतिहास होय.

नीकलाय बेनार्डोस व स्तानिस्लाव्ह ओल्शेव्हस्की यांनी कार्बन अग्राच्या प्रज्योतीने धातू जोडण्याच्या पद्धतीचे एकस्व १८८५ मध्ये ब्रिटनमध्ये घेतले. रशियातील नीकलाय स्लाव्ह्यानोव्ह यांनी १८८८ मध्ये कार्बनाऐवजी वितळणारे धातूचे अग्र वापरले. अमेरिकेत चार्ल्स कॉफिन यांना अशाच पद्धतीचे एकस्व १८९० मध्ये मिळाले. ही अग्रे उघडी असत. त्यामुळे वितळलेले पोलाद हवेतील ऑक्सिजन व नायट्रोजन शोषून घेई आणि ऑक्साइडे, नायट्राइडे व छिद्रे यांमुळे जोड ठिसूळ होई. प्रज्योतही अस्थिर राही. परिणामी महत्त्वाच्या बांधकामात रिव्हेटांचाच वापर चालू राहिला.

जहाजांच्या बाष्पित्रांची दुरुस्ती करणारे स्वीडिश अभियंते ऑस्कर शेलबेर्य यांनी यावर उपाय शोधला. कार्बोनेटे व सिलिकेटे यांच्या दाट मिश्रणात तार बुडवून ती वाळविण्याच्या पद्धतीचे एकस्व त्यांनी १९०७ मध्ये घेतले. ब्रिटनमध्ये आर्थर स्ट्रोमेंगर यांनी तारेभोवती निळ्या ॲस्बेस्टसाचा धागा गुंडाळलेली अग्रे प्रचारात आणली. १९२० मध्ये बर्कनहेड येथे जलावतरण झालेल्या ‘फुलागर’ या संपूर्ण वितळजोड केलेल्या जहाजासाठी अशी अग्रे वापरली होती. निळा ॲस्बेस्टस कर्ककारक असल्याचे पुढे सिद्ध झाले. १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस लेप दाबाने तारेवर चढविण्याची बहिःसारण पद्धत रूढ झाली. तिच्यामुळे एकसारख्या जाडीचा लेप मिळू लागला व अग्रांची किंमत उतरली.

रूटाइलप्रधान लेप १९३० नंतरच्या दशकात प्रचारात आले. त्यांत रूटाइलाबरोबर फेरोमँगॅनीज, माती, अभ्रक, थोडे सेल्युलोज आणि बंधक म्हणून सोडियम वा पोटॅशियम सिलिकेट असते. अशा लेपामुळे प्रज्योत सहज पेटते, मंद व स्थिर राहते आणि कमी व्होल्टतेच्या प्रत्यावर्ती प्रवाहाच्या रोहित्रावरही काम करता येते. धातुमळी लवकर घट्ट होते व सहज सुटून येते. जोडाचा पृष्ठभाग गुळगुळीत होतो. नवशिक्या कारागिराला व लहान कर्मशाळेला विश्वासार्ह जोडकाम शक्य झाले, ते मुख्यत्वे या अग्रांमुळे. अमेरिकी वर्गीकरणातील ई ६०१३ हे त्यांपैकी सुपरिचित अग्र असून ६० हा अंक दर चौ. इंचास ६०,००० पौंड हे किमान ताणबल दर्शवितो. भारतीय मानक ८१४ : १९९१ मध्ये रूटाइल लेप ‘आर’ या अक्षराने दर्शविला आहे.

या अग्रांना एक मर्यादा आहे. लेपातील पाणी व सेल्युलोज यांपासून प्रज्योतीत हायड्रोजन निर्माण होतो व तो जोडात शिरतो. पातळ, नीच-कार्बन पोलादात तो बहुधा अपाय न करता निघून जातो. मात्र जाड, अधिक कार्बनाच्या वा मिश्र पोलादात जोडालगतचा भाग कठीण बनून काम संपल्यावर काही तासांनी वा दिवसांनीही तडे पडतात. वरून निर्दोष दिसणारा जोड असा निकामी होतो. दुसऱ्या महायुद्धात चिलखती पत्र्यांच्या जोडकामात हा प्रश्न तीव्रतेने जाणवला आणि अल्प-हायड्रोजन क्षारकीय अग्रांच्या विकासास चालना मिळाली. तेव्हापासून रूटाइल अग्रे सर्वसाधारण कामासाठी व क्षारकीय अग्रे जोखमीच्या कामासाठी, अशी विभागणी रूढ झाली.

साठवणीचे नियम याच कारणातून आले आहेत. सिलिकेट बंधक हवेतील आर्द्रता शोषून घेतो. दमट अग्राने ठिणग्या फार उडतात, जोडात छिद्रे पडतात व प्रज्योत खवळते. जुन्या लेपावर कार्बोनेटाची पांढरी बुरशीसारखी पूड दिसते. म्हणून पुडे बंद ठेवून जमिनीपासून वर, भिंतीपासून दूर व कोरड्या खोलीत ठेवतात. कोकणासारख्या पावसाळी प्रदेशात ही दक्षता विशेष आवश्यक असते. दमट रूटाइल अग्रे सामान्यतः १००° ते १२०° से. तापमानास सुमारे एक तास वाळवितात. क्षारकीय अग्रांप्रमाणे ३००° से. वा अधिक तापमान दिल्यास लेपातील सेल्युलोज जळते, आवश्यक तेवढी आर्द्रताही निघून जाते व अग्र नीट चालत नाही. लेप तडकलेली वा तार गंजलेली अग्रे टाकून देणे इष्ट असते.

भारतात मुंबईच्या अडवानी-ओर्लिकॉन या १९५१ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीने विद्युत् अग्रांच्या उत्पादनात महत्त्वाचा वाटा उचलला. केरळातील चवरा येथील समुद्रकाठच्या वाळूतून रूटाइल व इल्मेनाइट मिळते. महाराष्ट्रात रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील वाळूतही इल्मेनाइट आढळते. अर्धस्वयंचलित वायुरक्षित पद्धतींमुळे मोठ्या कारखान्यांत विलेपित अग्रांचा वापर घटला असला, तरी दुरुस्ती, ग्रिल-दरवाजे, शेती अवजारे व लहान बांधकामे यांत रूटाइल अग्रांचे स्थान टिकून आहे.