न संपणाऱ्या खेळांतील खलपुरुष



बुद्धिबळाचा डाव केव्हां संपतो, हें लहान मुलालाहि ठाऊक असतें. राजा कोंडला गेला कीं डाव संपला. सोंगट्या घरांत पोंचल्या कीं सारीपाट गुंडाळून खेळणारे आपापल्या कामाला लागतात. अशा खेळांचें साध्य त्यांच्या नियमांतच सांगितलेलें असतें. खेळणाऱ्याला तें शोधावें लागत नाहीं. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंत असा एक खेळ जन्मास आला कीं ज्याला शेवटच नाहीं.

चार-सहा मंडळी मेजाभोंवतीं बसतात. त्यांतील एक जण पंच होतो, आणि राजवाडे, अरण्यें, भुयारें, राक्षस व मंत्रतंत्र यांनीं भरलेलें एक काल्पनिक जग शब्दांनीं उभें करतो. बाकीचे प्रत्येकीं एकेक पात्र घेतात. कोणी योद्धा होतो, कोणी मांत्रिक, कोणी चोर. आपलें पात्र काय करतें हें प्रत्येक जण तोंडानें सांगतो, आणि जेथें यशापयशाची शंका असेल तेथें फांसे टाकले जातात. बैठक संपते, पण मोहीम संपत नाहीं. पुढच्या बैठकींत ती तेथूनच पुढें चालू होते, आणि अशी वर्षानुवर्षें चालते. या खेळाचें सर्वांत प्रसिद्ध रूप म्हणजे १९७४ सालीं छापला गेलेला ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’.

या खेळांत सज्जन पात्राला फारसा प्रश्न पडत नाहीं. गांवावर संकट येतें आणि तो धांवून जातो. त्याचें काम त्याला बाहेरून मिळतें. खल पात्राला मात्र कोणीहि मदतीला बोलावीत नाहीं. त्याला स्वतःलाच कांहींतरी हवें असावें लागतें. नाहीं तर तो मेजाशीं नुसता बसून राहतो, किंवा कंटाळून शेजाऱ्याचा गळा कापतो. मग अशा शेवट नसलेल्या मोहिमेंत खलपुरुषानें काय इच्छावें? वरवर पाहतां हा पोरखेळांतील प्रश्न वाटेल. परंतु त्याच्या पोटांत दुष्टपणा म्हणजे काय, हा जुना आणि गंभीर प्रश्न दडलेला आहे. म्हणून या खेळाच्या इतिहासांत या प्रश्नाला कशीं कशीं उत्तरें मिळत गेलीं, तें आज पाहूं.

इतिहासाचें पहिलें टोंक आपल्या चतुरंगापाशीं पोंचतें. भारतांतून इराणमार्गें युरोपांत गेलेल्या बुद्धिबळालाच वाढवून १७८० सालीं ब्रुन्सविक येथील हेल्विग नांवाच्या अध्यापकानें एक युद्धखेळ रचला. १८२४ सालीं राइस्विट्झ या प्रशियन अधिकाऱ्यानें चौकटींचा पट टाकून देऊन खरा नकाशा घेतला, फांसे घेतले, आणि दोन्ही पक्षांच्या मध्यें एक पंच बसविला. १८७६ सालीं व्हेर्दी द्यु व्हेर्न्वा या सेनाधिकाऱ्यानें तर नियमांचें ओझेंच उतरविलें आणि निर्णय अनुभवी पंचाच्या तारतम्यावर सोंपविला. अमेरिकेंत १८८० च्या सुमारास टॉटन या लष्करी अधिकाऱ्यानें ‘स्ट्रॅटेगोस’ नांवाचा ग्रंथ लिहून याच पंचाला मोठा अधिकार दिला. तरीहि येथवर खेळाचें साध्य एकच होतें, आणि तें म्हणजे शत्रुसैन्याचा पराभव. या सैन्यांत दुष्ट कोणी नव्हता. होता तो फक्त प्रतिपक्ष.

खरा पालट १९६९ सालीं झाला. अमेरिकेंतील मिनेआपोलिस व सेंट पॉल या जोडशहरांत डेव्हिड वेस्ली नांवाचा एक युद्धखेळाचा शोकी तरुण राहत असे. टॉटनचा जुना ग्रंथ त्याच्या वाचनांत आला होता. नेपोलियनच्या काळांतील ब्राउनस्टाइन नांवाचें एक काल्पनिक प्रशियन गांव त्यानें योजिलें. दोन सेनापति गांवावर चालून येत आहेत, एवढा भाग नेहमींचाच होता. परंतु वेस्लीनें आणखी एक गोष्ट केली. गांवांतील नगराध्यक्ष, सावकार, विद्यापीठाचा प्रमुख अशा भूमिका त्यानें इतर खेळाडूंना वांटून दिल्या, आणि प्रत्येकाला त्याचें त्याचें गुप्त साध्य नेमून दिलें. झालें! खेळाडू कोपऱ्यांत जाऊन कुजबुजूं लागले, एकमेकांना फितवूं लागले, दोघांनीं तर द्वंद्वयुद्ध मांडलें. फौजा गांवापर्यंत पोंचल्याच नाहींत. आपला प्रयोग फसला असें वेस्लीला वाटलें. खेळाडू मात्र पुन्हा असाच खेळ मांडण्याचा आग्रह धरूं लागले.

पुढच्या अशाच एका खेळांत लॅटिन अमेरिकेंतील एक काल्पनिक लहानसें प्रजासत्ताक घेतलें होतें. डेव्ह आर्नेसन या खेळाडूच्या वांट्याला शांततावादी क्रांतिकारकाची भूमिका आली होती. पत्रकें वांटावीं आणि त्याबद्दल गुण मिळवावे, एवढेंच त्याचें नेमून दिलेलें काम. परंतु आर्नेसननें आपण अमेरिकन गुप्तहेर खात्याचे हस्तक आहों अशी बतावणी केली, इतरांचा विश्वास संपादला, आणि अखेरीस त्या देशाचा खजिना हस्तगत करून तो हेलिकॉप्टरमधून पसार झाला. जातां जातां त्यानें खालच्या गर्दीवर पत्रकेंहि उधळलीं, म्हणजे गुणहि चुकले नाहींत! या ठकसेनानें कोणाला छळलें नाहीं. त्याला खजिना हवा होता आणि तो त्यानें बुद्धीनें मिळविला. या खेळाच्या वंशांतला पहिला नामांकित लबाड तो हाच, आणि त्याचें साध्य किती स्वच्छ होतें हें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

याच आर्नेसननें १९७१ सालीं ब्लॅकमूर नांवाची मोहीम सुरू केली. एक सरदारी मुलूख, एक किल्ला, आणि किल्ल्याखालीं भुयारांचें जाळें. या मोहिमेंत कांहीं खेळाडू सज्जनांच्या बाजूचे होते आणि कांहीं उघड उघड दुष्टांच्या. सज्जन मंडळी भुयारांतील धनाच्या मागें लागलेली असतांना दुष्टांच्या फौजांनीं वरचा किल्लाच घेतला, आणि त्या वीरांना हद्दपार होऊन दलदलीच्या मुलखांत राहावें लागलें. येथेंहि पाहा, दुष्टांना हवा होता तो एक किल्ला. तो नकाशावर दाखवितां येत होता आणि जिंकतां किंवा गमावतां येत होता.

ब्लॅकमूरमध्यें एका खेळाडूचें पात्र पुढें रक्तपिपासू पिशाच बनलें आणि इतर पात्रांची शिकार करूं लागलें. त्याचें बळ इतकें वाढलें कीं त्याला आवर घालण्यासाठीं एक नवाच पात्रवर्ग निर्माण करावा लागला. हाच तो देवाच्या नांवानें पिशाचांना पळवून लावणारा धर्मोपदेशक. आज हा खेळ खेळणारीं लक्षावधि मंडळी या वर्गाला मुळापासूनच खेळांत असलेला मानतात. वस्तुतः खलपुरुष आधीं आला आणि त्याच्यावरचा उतारा मागाहून.

१९७२ च्या अखेरीस आर्नेसननें आपला खेळ विस्कॉन्सिन संस्थानांतील लेक जिनिव्हा या गांवीं गॅरी गायगॅक्स यांना दाखविला. गायगॅक्स यांनीं एका सहकाऱ्यासह १९७१ सालीं ‘चेनमेल’ हे मध्ययुगीन लढायांचे नियम छापले होते. त्यांतच त्यांनीं सृष्टींतील शक्तींचे सुव्यवस्था, तटस्थता व अनागोंदी असे तीन पक्ष पाडले होते. ही कल्पना पोल अँडरसन व मायकेल मूरकॉक यांच्या अद्भुत कादंबऱ्यांतून घेतलेली होती. दोघांच्या सहकार्यानें जानेवारी १९७४ मध्यें तीन पुस्तिकांची एक पेटी बाहेर पडली. पहिली आवृत्ति अवघी १,००० प्रतींची होती.

या मूळ नियमांत एक चमत्कारिक गोष्ट आढळते. प्रत्येक खेळाडूनें तिहींपैकीं एक पक्ष निवडावयाचा असे. परंतु पात्राची उन्नति व्हावयाची ती अनुभवाच्या गुणांवर, आणि हे गुण मिळावयाचे मुख्यतः लुटून आणलेल्या धनावर. एका सुवर्णनाण्यास एक गुण. धर्मात्मा असो कीं पापात्मा, दोघांचा हिशेब एकाच वहींत! पुढें पुरेसा पराक्रम झाला कीं योद्ध्यानें किल्ला बांधावा, सरदार व्हावें, आणि आपल्या मुलखांतील दर माणशीं वर्षाला दहा सुवर्णनाणीं कर घ्यावा, अशीहि तरतूद होती. तेव्हां सज्जन व दुर्जन यांच्या इच्छा नियमांनीं वेगळ्या केल्याच नव्हत्या. फरक असलाच तर साधनांचा होता.

या काळांतील खलपुरुषांचा मेरुमणि म्हणजे रोबिलार. गायगॅक्स यांच्या ग्रेहॉक मोहिमेंत रॉब कुंट्झ नांवाचा एक कुमारवयीन खेळाडू हें पात्र चालवीत असे. रोबिलार क्रूरपणाची हौस म्हणून कांहींच करीत नसे. शहरांत काय चाललें आहे हें कळावें म्हणून त्यानें तेथील एक खानावळ गुप्तपणें आपल्या मालकीची करून ठेवली होती. मृत्युपाशांनीं भरलेल्या एका थडग्यांत शिरतांना त्यानें ऑर्क जातीचे आपले चाकर पुढें धाडले. सांपळ्यांत ते मेले, आणि धनी सुखरूप राहिला. आसुरी शक्तींचें एक प्रचंड मंदिर गायगॅक्स यांनीं मोठ्या परिश्रमानें रचलें होतें. रोबिलार तेथें गेला, त्यानें तें लुटलें, आणि आंत कोंडलेल्या एका राक्षसीला मोकळें केलें. पंच नाराज झाले. परंतु त्यांनीं आकाशांतून वीज पाडून त्याला मारलें नाहीं. त्यांनीं त्याच्या पाठीमागें सैन्य लावलें, आणि रोबिलारला आपला किल्ला सोडून परागंदा व्हावें लागलें. ज्याला किल्ला हवा होता त्याला किल्ला गमावण्याची शिक्षा झाली. ज्याला कांहीं हवें असतें त्यालाच कांहीं गमवावें लागतें, आणि म्हणूनच त्याच्या कथेंत रस उत्पन्न होतो.

यानंतर मात्र दुष्टपणाची वर्गवारी सुरू झाली. १९७६ सालीं गायगॅक्स यांनीं सुव्यवस्था व अनागोंदी यांच्या जोडीला सुष्ट व दुष्ट हा दुसरा आंस मांडला, आणि १९७८ च्या खेळाडूंच्या ग्रंथांत त्याचे नऊ कप्पे पक्के झाले. त्याच ग्रंथांत मारेकरी हा वर्ग दुष्टच असला पाहिजे असा नियम आला. परंतु त्या वेळच्या मारेकऱ्याला अजून महत्त्वाकांक्षा होती. त्याला आपल्या पंथाचा प्रमुख व्हावयाचें असे आणि त्यासाठीं आधींच्या प्रमुखाला ठार करावें लागे. गादी एकच, आणि तिच्यावर दुसरा बसलेला! इतिहासांतील कितीतरी राजघराण्यांची ही कथा आहे.

१९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील कांहीं धार्मिक संघटनांनीं व पालकांनीं हा खेळ मुलांना सैतानाच्या भजनीं लावतो असा गिल्ला केला. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तींतून मारेकऱ्यांचा वर्गच काढून टाकण्यांत आला. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तींत तो परतला, तो निराळीच अट घेऊन. मारेकऱ्यांत दाखल व्हावयाचें तर इच्छुकानें एका माणसाचा वध करावा, आणि त्या वधाला या प्रवेशाखेरीज दुसरें कसलेंहि कारण नसावें! बावीस वर्षांत केवढें हें अंतर! पहिल्या मारेकऱ्याला गादी हवी होती आणि वध हें साधन होतें. दुसऱ्याला मारेकरी म्हणवून घ्यावयाचें होतें, आणि वध हें त्या नांवाचें मोल होतें.

माझ्या मतें या खेळांतील दुष्ट मोहिमा जेव्हां जेव्हां फसतात, तेव्हां त्या याच ठिकाणीं फसतात. खेळाडू आपल्या पात्राला काय हवें आहे हें ठरवीत नाहीं. तें दुष्ट आहे एवढेंच ठरवितो. मग दुष्टपणा सिद्ध करण्यासाठीं तो वाटेंत भेटेल त्या शेतकऱ्याचें घर जाळतो, आणि शेतकरी संपले कीं सोबत्याची थैली मारतो. तेथें पात्रांचें भांडण माणसांचें होतें, आणि ज्यांनीं आनंदासाठीं एकत्र यावें ते मित्र मन दुखावून उठतात. मोहिमेला शेवट नसतो खरा, पण मैत्रीला असतो. जाणते पंच म्हणून अशा खेळाच्या आरंभींच प्रत्येकाला दोन गोष्टी विचारतात: तुझ्या पात्राला काय हवें आहे, आणि तें मिळविण्यासाठीं या सोबत्यांची त्याला गरज कां आहे? हरलेलें राज्य, बापाच्या वधाचा सूड, निषिद्ध विद्या, मृत्यूपासून सुटका, किंवा प्रिय व्यक्तीला कोणत्याहि मार्गानें परत आणणें, हीं सारीं साध्यें चालतात. कारण तीं मिळालीं कीं नाहीं हें सांगतां येतें, आणि तीं मिळविण्यास वर्षें लागतात. ‘सर्व जगाचा नाश’ हें साध्य मात्र पोकळ आहे. तें पुरें झालें कीं खेळाडूला उभें राहावयास जागाच उरत नाहीं.

१९९१ सालीं निघालेल्या ‘व्हँपायर’ या खेळानें याच विचाराला एक खोल वळण दिलें. त्यांतील प्रत्येक पात्र रक्तपिपासू आहे. शहराची सत्ता मिळविण्याचे डावपेंच तर त्यांत आहेतच. पण शिवाय प्रत्येकाच्या माणुसकीचें एक माप ठेवलेलें असतें आणि दुष्कृत्यागणिक तें घसरूं शकतें. तें संपलें कीं पात्र खेळाडूच्या हातांतून जातें. खलपुरुषाला येथें बाहेरचें साध्य गांठतांना आंतलें कांहींतरी राखावें लागतें.

गायगॅक्स २००८ सालीं वारले आणि आर्नेसन २००९ सालीं. त्यांच्या मेजाभोंवतीं घडलेला हा लहानसा इतिहास आपल्याला एवढेंच सांगतो कीं, दुष्टाची इच्छा बहुधा निराळी नसते. खजिना, किल्ला, गादी, अमरत्व, हें सज्जनालाहि हवेंसें वाटतें. त्यासाठीं दुसऱ्याला पुढें ढकलून सांपळ्यांत मारण्याची तयारी हीच त्या दोघांमधली सीमारेषा होय. फांसे हातांत असतांना ती रेषा ओलांडून पाहण्यांत कोणाचें नुकसान नाहीं. फांसे खालीं ठेवल्यावर ती आपल्या किती जवळून जाते, हें ज्याला दिसलें त्याचा खेळ वायां गेला नाहीं.